जुनी हार्ड डिस्क वापरात घेण्याआधी: तपासणी कोणत्या क्रमाने करायची

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागात जुन्या हार्ड डिस्कला कायम गिऱ्हाईक असतं. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या, बंद झालेल्या सायबर कॅफेतल्या, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून किंवा पुणे-कोल्हापूरहून पार्सलने मागवलेल्या, अशा सगळ्या प्रकारच्या डिस्क इथे येतात. घेणारे असतात फोटो स्टुडिओवाले, डीटीपीवाले, वाचनालयं, कॉलेजची मुलं. जुनी डिस्क घेण्यात काही वाईट नाही. वाईट असते ती घेतल्यावरची घाई. डिस्क जोडायची, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये निळा ‘गुड’ बघायचा, क्विक फॉरमॅट मारायचा आणि लग्नाचं शूटिंग भरायचं. महिन्याभराने अल्बमसाठी फाइल उघडायला जावं तर ती उघडत नाही, आणि तोवर कॅमेऱ्यातलं कार्डही रिकामं करून झालेलं असतं.

‘गुड’वर विसंबून का चालत नाही, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम पाठ करावा लागणार नाही. एखादा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा डिस्कवरचा छोटा कप्पा, खराब झाला आहे हे डिस्कला सहसा तो वाचायला गेल्यावरच कळतं. वाचता आला नाही की डिस्क त्याला ‘पेंडिंग’ म्हणून बाजूला नोंदवते. पुढे त्याच जागी काही लिहायची वेळ आली की ती परत प्रयत्न करते. लिहिणं जमलं तर नोंद पुसली जाते. नाही जमलं तर राखीव जागेतला एक सेक्टर त्याच्या बदली लावला जातो आणि ‘रीअ‍ॅलोकेटेड’चा आकडा वाढतो. म्हणजे ज्या भागाला वर्षभर कुणी हातच लावलेला नाही, तिथली खराबी डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या या आकड्यांत दिसेलच असं नाही. म्हणून क्रम असा: आकडे लिहून घ्या, सगळी डिस्क वाचा, सगळी लिहा, परत वाचा, आणि पुन्हा आकडे बघा. आधीच फॉरमॅट मारलात तर पहिला पुरावा तुमच्याच हाताने पुसला जातो.

सावधान: ही पद्धत रिकाम्या करायच्या डिस्कसाठी आहे. डिस्कमध्ये तुम्हाला हवा असलेला डेटा असेल तर यातलं काहीही करू नका, आधी तो काढून घ्या. एसएसडीलाही (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) ही पद्धत लावू नका, तिचं गणित वेगळं आहे.

## टप्पा १: पैसे देण्याआधी

डिस्क हातात घेऊन उजेडात नीट बघा. कडेला पोचा आहे का, झाकणाचे स्क्रू खरवडले आहेत का, झाकणावरचं सील फाटलं आहे का? झाकण एकदा उघडलेली डिस्क कितीही स्वस्त असो, घेऊ नका. कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट किंवा काळपट थर असेल तर ती ओलीत राहिलेली आहे. खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडच्या पावसाळ्यात बंद गाळ्यात पडून राहिलेल्या मशीनमध्ये असा थर सापडतो.

मग कनेक्टरचा आकार बघा. साध्या कॉम्प्युटरच्या साटा डिस्कमध्ये डेटाचा आणि पॉवरचा भाग यांच्यामध्ये मोकळी खाच असते. ती खाच भरलेली असेल तर ती सर्व्हरमधून निघालेली एसएएस डिस्क आहे. ती साध्या मदरबोर्डला जोडताच येत नाही, त्यासाठी वेगळं कार्ड लागतं. मोठ्या क्षमतेची डिस्क फारच स्वस्त मिळते आहे असं वाटलं की सगळ्यात आधी ही खाच बघा.

दुकानदाराला बिलावर दोन गोष्टी लिहायला सांगा: डिस्कचा सीरियल नंबर आणि किती दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. पूर्ण तपासणीला एक ते दोन दिवस जातात, त्यामुळे ‘उद्यापर्यंत सांगा’ या बोलीवर घेऊ नका. आठवडा मागा. पार्सलने मागवत असाल तर आधी आकड्यांचा स्क्रीनशॉट मागा, पण त्यात सीरियल नंबर दिसलाच पाहिजे. नुसत्या आकड्यांचा फोटो कुठल्याही डिस्कचा असू शकतो.

## टप्पा २: जोडणीची तयारी

निम्म्या चुका इथेच होतात आणि दोष मात्र डिस्कला लागतो.

पार्सल भर पावसातून किंवा रात्रीच्या गारठ्यातून आलं असेल तर डिस्क पाकिटातून काढून तीन-चार तास खोलीत नुसती राहू द्या. आत दमट हवा असताना डिस्क फिरवायची नाही.

शक्य असेल तर तपासणी डेस्कटॉपच्या साटा पोर्टवरच करा. यूएसबी अडॅप्टरवर तीन अडचणी येतात. काही अडॅप्टर डिस्कचे आकडे पुढे पाठवतच नाहीत. काही दहा मिनिटांत डिस्कला झोपवतात आणि टेस्ट अर्धवट सुटते. आणि यूएसबी २ पोर्टवर वेग सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या पुढे जात नाही, म्हणजे १ टीबी एकदा वाचायलाच नऊएक तास. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. वेगळा अडॅप्टर नसेल तर ती फिरणारच नाही आणि तुम्ही ती ‘डेड’ समजाल.

असाच घोटाळा मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कबाबत होतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या किंवा एक्स्टर्नल डब्यातून काढलेल्या काही डिस्क एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) साटा पॉवरवर सुरूच होत नाहीत, कारण त्यांच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्या बंद राहतात. एसएमपीएसच्या जुन्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरमधून साटा कन्व्हर्टर लावला की त्याच डिस्क व्यवस्थित चालतात. मात्र कन्व्हर्टर चांगला घ्या. एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले स्वस्त कन्व्हर्टर तापून जळतात.

डिस्क लाकडी टेबलावर किंवा पुठ्ठ्यावर आडवी ठेवा, खालचं सर्किट धातूला लागता कामा नये. समोर छोटा पंखा लावा. फिरत असताना ती उचलायची नाही, कलती करायची नाही, तिच्या टेबलावर दुसरं काम करायचं नाही.

आता विजेचं. तपासणी रात्रभर चालणार आणि आपल्याकडे दुपारी-रात्री कधी वीज जाईल याचा भरवसा नसतो. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर चांगला सेक्टरही अर्धवट लिहिला जाऊन ‘पेंडिंग’मध्ये येऊ शकतो, आणि मग निकाल वाचता येत नाही. कॉम्प्युटरचा यूपीएस असेल तर प्रश्नच नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याचं बटण ‘यूपीएस मोड’वर आहे का ते बघा. साध्या मोडवर वीज बदलताना इतका वेळ जातो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. सुरुवात करण्याआधी एकदा मेन स्विच बंद करून खात्री करा. आणि दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याची सूचना पेपरात असेल तर त्या दिवशी टेस्ट लावूच नका.

तपासा: विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ आणि ‘हार्ड डिस्क बंद करा’ दोन्ही ‘नेव्हर’वर आहेत ना? अपडेट काही दिवसांसाठी थांबवले आहेत ना? रात्री दोन वाजता विंडोजने आपणहून रीस्टार्ट घेतला की सगळं पहिल्यापासून.

सावधान: पुढे सगळी डिस्क पुसली जाणार आहे. चुकून स्वतःची डिस्क पुसली जाणं हा या कामातला सगळ्यात महागडा अपघात आहे. विंडोज असलेली डिस्क सोडून बाकीच्या तुमच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. नंतर लक्षात ठेवून योग्य ती निवडीन, असं म्हणू नका.

## टप्पा ३: पहिले आकडे

डिस्क सुरू करा आणि पहिलं मिनिटभर फक्त कान द्या. एकसारखी घरघर चालेल. ठराविक अंतराने ‘टक… टक… टक’ येत असेल, किंवा डिस्क फिरून थांबते आणि परत फिरते असं होत असेल, तर बंद करा आणि परत करा. पुढच्या टेस्टची गरज नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. सगळ्यात आधी पडद्यावरचा मॉडेल आणि सीरियल नंबर लेबलवरच्या नंबरशी ताडून बघा. लेबल बदललेल्या डिस्क बाजारात असतात. मग एक गोष्ट जरूर करा: फंक्शन मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, आणि तिथे १० डेसिमल निवडा. मुळात हे आकडे सोळाच्या पायावर दाखवले जातात, त्यामुळे शेवटी ‘१०’ दिसलं तरी खरा आकडा १६ असतो. याच गोंधळात बरेच जण चुकीचं वाचतात.

आता वहीत पुढच्या ओळींची ‘रॉ’ किंमत लिहून घ्या:

- ०५, रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर: बदली लावलेले सेक्टर. शून्य हवा.
- सी५, करंट पेंडिंग: वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर.
- सी६, अनकरेक्टेबल: डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले.
- बीबी, रिपोर्टेड अनकरेक्टेबल: आधीच्या मालकाला प्रत्यक्ष आलेल्या एरर. हा ०५ इतकाच महत्त्वाचा आहे. सगळ्या कंपन्यांच्या डिस्कमध्ये तो नसतो.
- ०ए, स्पिन रिट्राय: मोटर पहिल्या प्रयत्नात फिरली नाही. शून्य नसेल तर परत करा.
- सी७, सीआरसी एरर: हा दोष बहुतेक वेळा केबलचा. डिस्कच्या माथी मारू नका. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे जुना असू शकतो. नवी केबल लावा आणि वाढतो का तेवढं बघा.
- ०९, पॉवर ऑन अवर्स: डिस्क किती तास चालली, आणि ०सी, पॉवर सायकल: किती वेळा चालू-बंद झाली.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात. घाबरू नका. ती कंपनी त्या ओळींत एररसोबत एकूण कामाची मोजणीही भरते.

०९ आणि ०सी या दोन ओळी एकत्र वाचायच्या असतात. वर्षाचे तास होतात ८,७६०. तीन वर्षं अखंड चाललेल्या डीव्हीआरच्या डिस्कवर साधारण २६,००० तास आणि चालू-बंदची संख्या पन्नास-शंभरच दिसेल. हे नैसर्गिक आहे आणि एवढ्याने ती डिस्क वाईट ठरत नाही. एकसारखी फिरलेली डिस्क ही दिवसातून दहा वेळा बंद-चालू केलेल्या डिस्कपेक्षा पुष्कळदा बरी निघते. संशय घ्यायचा तो उलट ठिकाणी. स्क्रूच्या भोकांवर घासल्याच्या खुणा आहेत, लेबल पिवळं पडलं आहे, आणि तास मात्र १२. हे तास शून्यावर आणता येतात. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं, ते डिस्कमधल्या ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदवहीमुळे. स्मार्टसीटीएल हा मोफत प्रोग्राम ७.४ आवृत्तीपासून ही नोंदवही वाचून दाखवतो. सीगेटची डिस्क ‘नवी’ किंवा ‘ओपन बॉक्स’ म्हणून मिळाली असेल तर तिथले तास आणि ०९ चे तास जुळतात का, जरूर बघा.

तपासा: आकडे लिहिले? सीरियल नंबरसकट स्क्रीनशॉट काढला? तो या डिस्कवर नाही, दुसरीकडे ठेवला?

## टप्पा ४: काही न लिहिता सगळी डिस्क वाचणं

जीस्मार्टकंट्रोल हा मोफत प्रोग्राम घ्या. डिस्कवर डबल क्लिक करा, सेल्फ-टेस्टच्या टॅबमध्ये जा. आधी ‘शॉर्ट’ चालवा, दोनेक मिनिटं लागतात. ती पास झाली म्हणून थांबू नका, ती डिस्कचा अगदी थोडा भाग बघते. लगेच ‘एक्स्टेंडेड’ लावा. ही डिस्क स्वतःच्या आतच चालवते, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत.

वेळेचा अंदाज: ५०० जीबीला दीड-दोन तास, १ टीबीला अडीच-तीन, ४ टीबीला आठ-नऊ. तापमानावर लक्ष ठेवा. ४५ अंशांच्या आत असलेलं चांगलं, ५५ च्या वर गेलं तर टेस्ट थांबवून पंख्याची सोय करा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या गाळ्यात ५५ गाठायला वेळ लागत नाही.

निकाल तीन प्रकारचे येतात. ‘कम्प्लिटेड विदाउट एरर’ म्हणजे पुढे जा. ‘इंटरप्टेड’ किंवा ‘अबॉर्टेड’ म्हणजे डिस्क नापास नव्हे. वीज, स्लीप किंवा यूएसबी अडॅप्टर यांपैकी कशाने तरी टेस्ट तोडली, कारण शोधून परत लावा. ‘रीड फेल्युअर’ म्हणजे वाचता न येणारा सेक्टर सापडला. टेस्ट तिथेच थांबते, त्यामुळे पुढे आणखी किती आहेत ते कळत नाही. टेस्टिंग वॉरंटी असेल तर इथेच डिस्क परत करा, हा पुरावा पुरेसा आहे. परत करता येत नसेल तरच पुढचा टप्पा.

सावधान: काही जण या वेळी व्हिक्टोरिया हा डिस्क तपासायचा प्रोग्राम उघडून ‘रीमॅप’ चालवतात. त्याने खराब सेक्टर झाकले जातात आणि डिस्क किती वेगाने बिघडते आहे हे कळायचा मार्ग बंद होतो. व्हिक्टोरिया वापरायचाच तर ‘रीड’ आणि ‘इग्नोर’वर ठेवा. वेगाचा आलेख सुरुवातीला उंच आणि शेवटाकडे निम्म्यावर आलेला दिसेल, ते ठीक आहे, आतल्या कड्यांवर वेग कमीच असतो. मात्र दोनदा वाचून दोन्ही वेळा एकाच जागी खड्डा पडत असेल, एकेका ब्लॉकला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागत असेल, तर ती जागा कमकुवत आहे.

## टप्पा ५: सगळी डिस्क लिहिणं

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा. डीव्हीआरमधून आलेली डिस्क विंडोजला ओळखू येत नाही, ‘अनअलोकेटेड’ किंवा ‘रॉ’ दिसते. तो दोष नाही. क्षमता बघून आपली डिस्क पक्की करा, जुनी पार्टिशन काढून टाका. २ टीबीपेक्षा मोठी असेल तर पार्टिशनचा प्रकार विचारल्यावर जीपीटी निवडा, नाहीतर वरची जागा दिसणार नाही. एकच पार्टिशन करा आणि फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा. नुसती ही एक खूण काढायची राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका पुसतो. पूर्ण फॉरमॅट सगळ्या सेक्टरवर शून्य लिहितो.

यात दुसरं एक कामही होतं. आधीच्या मालकाचे फोटो, आधारच्या प्रती, जमिनीचे उतारे असं पुष्कळ काही त्यावर असू शकतं. ते उघडून बघत बसू नका. आपल्या घरातलं तसं कुणी बघितलेलं आपल्याला चालणार नाही.

फॉरमॅट झाल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू चालवा. ड्राइव्ह निवडा, सगळी मोकळी जागा निवडा, ‘राइट अँड व्हेरिफाय’ दाबा. हा प्रोग्राम डिस्क ठरावीक डेटाने भरतो आणि मग तो जसाच्या तसा परत येतो का हे तपासतो. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळतं का, हा खरा प्रश्न आहे आणि फॉरमॅट तो विचारत नाही. ‘१६ टीबी’ म्हणून हजार-दोन हजारांत विकल्या जाणाऱ्या बनावट पोर्टेबल डिस्कचं पितळही इथेच उघडं पडतं.

लिनक्स येत असेल तर या टप्प्याऐवजी बॅडब्लॉक्स हा प्रोग्राम राइट मोडमध्ये चालवा. तो चार वेगवेगळे नमुने लिहून प्रत्येक वेळी परत वाचतो, म्हणजे आठ फेऱ्या. १ टीबीला जवळजवळ दिवस जातो, ४ टीबीला जवळजवळ तीन दिवस. ज्या डिस्कवर वाचनालयाचे स्कॅन किंवा स्टुडिओचं कायमचं काम ठेवायचं आहे तिला हा वेळ द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

मधेच वेग पडून वीस-तीस एमबीवर आला तर लगेच घाबरू नका. एसएमआर पद्धतीच्या (एकमेकांवर थोड्या चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) डिस्क सलग लिहिताना अशा धापा टाकतात. आकडे वाढत नसतील तर ती रचना आहे, बिघाड नाही. मात्र अशी डिस्क संग्रहासाठीच ठेवा, एडिटिंगला नको.

## टप्पा ६: परत वाचा, परत आकडे, मग निर्णय

‘एक्स्टेंडेड’ टेस्ट पुन्हा एकदा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा. निर्णय या दोन रकान्यांतल्या फरकावर होतो.

समजा आधी सी५ मध्ये ८ होते आणि ०५ मध्ये ०. आता दोन्ही ०. म्हणजे सेक्टरवर परत लिहिलं गेलं आणि ते टिकलं. आधीच्या मालकाकडे लिहिताना वीज गेली असावी. नव्या डिस्कमध्ये आतला सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो आठ छोट्या सेक्टरसारखा मोजला जातो, म्हणून ८, १६, २४ असे आकडे दिसतात. ८ म्हणजे आठ ठिकाणी खराबी नव्हे, बहुधा एकाच ठिकाणी. अशी डिस्क टप्पा ५ परत एकदा करून, आकडे हलले नाहीत तर, ठेवा.

समजा आधी सी५ मध्ये ८ आणि आता ०, पण ०५ शून्यावरून ८ झाला. एक जागा खरोखर गेली. दुसऱ्या फेरीत ०५ तिथेच थांबला तर दुय्यम कामाला चालेल, म्हणजे ज्याची प्रत दुसरीकडे आहे अशा गोष्टींसाठी: सिनेमे, इन्स्टॉलेशनच्या फाइल.

आणि ०५ एका फेरीत ८, दुसऱ्या फेरीत ४० झाला, तर ती डिस्क संपली. ‘अजून राखीव सेक्टर शिल्लक आहेत की’ असं म्हणणारे भेटतील. बिघाड पसरतो आहे, त्यात आपला डेटा घालायचा नाही.

बाकी निकष थोडक्यात: सगळं लिहून झाल्यावरही सी५ किंवा सी६ शून्य झाले नाहीत, नापास. दुसऱ्या ‘एक्स्टेंडेड’मध्ये रीड फेल्युअर, नापास. एचटूटेस्टडब्ल्यूने एक जरी चूक दाखवली तरी आधी केबल बदला आणि रॅम तपासा, कारण खराब रॅममुळेही असं होतं. ती दोन्ही ठीक असतील तर नापास. बीबी शून्य नाही पण बाकी सगळं स्वच्छ, तर मी ती मुख्य कामाला घेत नाही.

पास झालेल्या डिस्कवर कागदी टेप चिकटवा आणि तारीख, तास, ०५ आणि सी५ लिहा. पहिला महिनाभर तिच्यावर कशाचीही एकमेव प्रत ठेवू नका. महिन्याने आकडे त्या टेपशी ताडा, मग दर तीन महिन्यांनी. पुष्कळ डिस्क आकड्यांत कसलीही सूचना न देता जातात, त्यामुळे महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत डिस्क पास झाली तरी हवीच.

नापास डिस्क परत करताना दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट आणि बिल सोबत न्या, बोलणं सोपं होतं. परत घेतली गेली नाही तर ती तशीच भंगारात टाकू नका, तीच फिरून दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये जाते. लेबलवर पर्मनंट मार्करने ‘खराब’ लिहा, कनेक्टरच्या पट्ट्या पक्कडीने मोडा आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.